सर्व्हरचे शवविच्छेदन

‘सर्व्हर डाऊन आहे, जरा थांबा.’ ठाण्यात टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे चालत निघालेल्या माणसाला हे वाक्य बँकेत ऐकू येते, औषधाच्या दुकानात ऐकू येते, रक्त तपासायच्या लॅबमध्येही ऐकू येते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले आजोबा खुर्चीत टेकतात, काऊंटरवरची मुलगी एकच बटण पुन्हा पुन्हा दाबते आणि आतून कुणीतरी ‘बंद करून चालू कर गं’ असे ओरडते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. सगळे कामाला लागतात आणि नेमके काय झाले होते, हे कुणीच विचारत नाही.

वैद्यकात असे करून चालत नाही. ‘चक्कर आली’ हे निदान नव्हे, ती तक्रार आहे. चक्कर कानामुळे येते, रक्तदाब घसरल्याने येते, साखर उतरल्याने येते आणि क्वचित मेंदूतल्या गाठीनेही येते. ‘सर्व्हर डाऊन’ हीसुद्धा तशीच एक तक्रार. तिच्यामागे उंदराने कुरतडलेली केबल असेल, गेलेली वीज असेल, काठोकाठ भरलेली डिस्क असेल. पण कधीकधी यातले काहीच नसते. वीज असते, केबल शाबूत असते, यंत्राचा पंखाही फिरत असतो आणि तरी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या वीसपंचवीस ओळी गोठून बसलेल्या असतात. कळफलक दाबला तरी हालचाल नाही. यंत्राच्या गाभ्यानेच मान टाकलेली असते. संगणकवाले त्याला कर्नल क्रॅश म्हणतात. त्याचे निदान कसे होते, ही गोष्ट संगणकाशी संबंध नसलेल्यांनीही समजून घ्यावी अशी आहे, कारण आता रुग्णाचा केसपेपर, एक्स-रे, रक्ताचा अहवाल आणि औषधांचा साठा हे सगळे त्याच गाभ्यावर उभे आहे. टेंभी नाक्याजवळच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयाची, म्हणजे ठाणेकरांच्या ‘सिव्हिल’ची, जुनी इमारत पाडून तिथे नव्या, मोठ्या रुग्णालयाचे काम हाती घेण्यात आले. अशा कोणत्याही नव्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळीइतकीच नेटवर्कची तारही भिंतीभिंतीतून फिरते.

संगणकावर एका वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात. त्यातला एखादा कोसळला तर खिडकी बंद होते, पुन्हा उघडली की काम सुरू. हात मोडला तरी माणूस जगतो, तसेच. कर्नलचे काम वेगळे. कोणत्या प्रोग्रामला किती स्मृती द्यायची, डिस्कवर कुणी आणि कुठे लिहायचे, नेटवर्कवरून आलेली माहिती कुणाच्या हवाली करायची, हे सगळे तो ठरवतो. मेंदूच्या देठात श्वासाचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियंत्रण असते. कविता तिथे सुचत नाहीत, पण तिथे वाटाण्याएवढी इजा झाली तरी कविता सुचणारा मेंदू काही कामाचा राहत नाही. कर्नल हा तसा देठ.

या देठाला काही विपरीत जाणवले तर तो काय करतो? तो मुद्दाम थांबतो. या थांबण्याला ‘पॅनिक’ म्हणतात आणि त्यामागे एक जुना किस्सा आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत मल्टिक्स नावाची एक महत्त्वाकांक्षी प्रणाली बांधली जात होती. तिच्या रचनेत असलेले टॉम व्हॅन व्हलेक यांनी पुढे युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना सांगितले, की आमचा निम्मा कोड चुका सावरण्यातच जातो. रिची म्हणाले, आम्ही ते सगळे वगळले. चूक झाली की पॅनिक नावाचा एक तुकडा चालतो, यंत्र बंद पडते आणि आपण व्हरांड्यात हाक मारून सांगायचे की पुन्हा चालू करा रे.

वरवर हा आळस वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. ज्या यंत्राला आपल्याच स्मृतीचा भरवसा उरलेला नाही, ते चालू राहिले तर चुकीच्या जागी चुकीचे लिहीत सुटते. लॅबच्या सर्व्हरने एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला, तर अहवाल उशिरा मिळण्यापेक्षा ते कितीतरी भयंकर. म्हणून गोठलेल्या पडद्यावर शेवटी जी ओळ असते, तिच्यात ‘नॉट सिंकिंग’ असे दोन शब्द असतात. अर्थ असा, की स्मृतीत जे काही लिहायचे राहिले आहे ते आता डिस्कवर उतरवणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मरणाऱ्या यंत्राचा हा प्रामाणिकपणा माणसांत दुर्मिळ.

मग हा झटका नेटवर्कच्या कोडमध्ये आला तर तो हमखास जीवघेणा का ठरतो? कर्नलमध्ये चूक झाली की लिनक्स आधी ‘ऊप्स’ म्हणतो, अगदी याच शब्दात. ज्या प्रोग्रामच्या कामात असताना चूक झाली त्या प्रोग्रामला मारून टाकून पुढे जाता आले तर जातो. पण नेटवर्कचे पाकीट येते ते कुणाच्या बोलावण्यावरून नव्हे. ते दारावर येऊन थडकते आणि प्रोसेसरला हातातले काम टाकून त्याच्याकडे वळावे लागते. या अवस्थेला इंटरप्ट म्हणतात. त्या क्षणी चूक झाली तर मारायला कुणी गुन्हेगार प्रोग्रामच नसतो, कारण काम कर्नल स्वतःच करत असतो. त्यामुळे ऊप्सचे थेट पॅनिक होते.

यातून निदानातली पहिली फसगत होते. पडद्यावर त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामचे नाव छापलेले असते आणि नवखा माणूस लगेच त्यालाच धरतो. डेटाबेसचे नाव दिसले, की डेटाबेस विकणाऱ्या कंपनीला फोन. प्रत्यक्षात तो बिचारा पाकीट आले तेव्हा योगायोगाने प्रोसेसरवर बसलेला असतो. कित्येकदा तर तिथे ‘स्वॅपर’ असे नाव असते, म्हणजे यंत्राला तेव्हा दुसरे काही कामच नव्हते. अपघातातल्या जखमीला रिक्षात घालून आणणाऱ्या भल्या माणसालाच पोलिसांनी आधी दरडावावे, त्यातला हा प्रकार.

अनुभवी माणूस त्या नावाकडे पाहतही नाही. तो आधी कारणाची ओळ शोधतो. जिथे काहीच नाही अशा पत्त्यावर कर्नल वाचायला गेला होता, की कोड लिहिणाऱ्यानेच ‘असे कधी होणार नाही’ म्हणून ठेवलेला पहारा मोडला? मग तो पाहतो की कर्नल ‘टेंटेड’ आहे का, म्हणजे त्यात बाहेरच्या कंपनीचा बंदिस्त तुकडा मिसळला आहे का. रुग्णाने कुठली पुडी घेतली होती का, हे विचारण्यासारखेच. त्यानंतर ‘कॉल ट्रेस’. कोणत्या कामाने कोणत्या कामाला बोलावले, त्याने पुढे कुणाला, अशी ती साखळी असते. सर्वांत नवे वर, सर्वांत जुने खाली. म्हणून ती खालून वर वाचायची. खाली नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव, मग आयपी, मग टीसीपी, आणि सगळ्यात वर जिथे पाय घसरला ती जागा. पण पाय घसरला ती जागा आणि तेल सांडले ती जागा एकच असते असे नाही. अर्धे निदान इथे चुकते.

हे प्रत्यक्ष कसे असते ते पाहायला २०१९ सालचे एक प्रकरण फार उपयोगी आहे. त्या वर्षी १७ जूनला नेटफ्लिक्समधील जोनाथन लूनी यांनी शोधलेले लिनक्सच्या नेटवर्क कोडमधले काही दोष जाहीर झाले. त्यातल्या सर्वांत गंभीर दोषाचे नाव पडले ‘सॅक पॅनिक’. जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. दूरवरच्या कुणीही, पासवर्ड न देता, ठरावीक तऱ्हेची काही पाकिटे पाठवून त्यांतला एखादा आडवा करावा, असा हा दोष होता. आणि तो १० वर्षे तिथेच होता.

तो समजायला ठाण्याचाच व्यापारी घेऊ. जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराने कल्याणच्या गिऱ्हाइकाला २० खोकी धाडली. वाटेत काही गहाळ होतात, काही मागेपुढे पोहोचतात. जुनी पद्धत अशी की गिऱ्हाईक फक्त ‘५ पर्यंत सलग मिळाली’ एवढेच कळवणार. मग ८ ते १२ पोहोचली असली तरी दुकानदाराला ते कळत नाही आणि तो ६ पासून पुढची सगळी पुन्हा पाठवायला काढतो. १९९६मध्ये टीसीपीच्या नियमांत सुधारणा आली. गिऱ्हाइकाने आता ‘५ पर्यंत मिळाली, शिवाय ८ ते १२ मिळाली’ असे कळवायचे. दुकानदार फक्त ६ आणि ७ पाठवतो. या निवडक पोचपावतीला सॅक म्हणतात. इंटरनेटवर मोठी फाईल अडखळत का होईना पण उतरते, त्यात तिचा वाटा मोठा.

पूर्ण पोच येईपर्यंत दुकानदाराला प्रत्येक खोक्याची नक्कल स्वतःजवळ ठेवावी लागते. जागा अडते. म्हणून लिनक्सने २००९मध्ये आलेल्या आवृत्तीत एक सोय केली. पोहोचल्याची निवडक पोच आलेल्या शेजारशेजारच्या खोक्यांच्या नकला एका गाठोड्यात बांधायच्या आणि गाठोड्यावर चिठ्ठी लावायची, आत इतकी खोकी. कल्पना चांगली. चिठ्ठीवर आकडा लिहायला मात्र १६ बिटांचीच जागा होती. १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५. त्यानंतर रिक्षाच्या जुन्या मीटरसारखे पुन्हा शून्यापासून.

एवढी जागा पुरेल, असे लिहिणाऱ्याला वाटले असणार आणि वाटण्यात चूक नव्हती. नेहमीच्या संगणकांवर एका गाठोड्यात जास्तीत जास्त १७ भाग मावतात, प्रत्येक ३२ किलोबाइटचा. म्हणजे एकूण ५,५७,०५६ बाइट. नेहमीचे खोके १,४६० बाइटचे असते. या हिशेबाने गाठोड्यात चारशेसुद्धा खोकी भरत नाहीत. ६५ हजार तर फार दूर.

पण संभाषण सुरू होताना समोरच्याला सांगता येते, की मला लहानच खोकी पाठवा. किती लहान? लिनक्सने खालची मर्यादा ४८ बाइट ठेवली होती. त्यातले ४० बाइट टीसीपीच्या जादा सूचनांनी खाल्ले की मालाला उरतात ८. आता गाठोड्याचे ५,५७,०५६ बाइट भागिले ८. उत्तर येते ६९,६३२. चिठ्ठीवर हा आकडा मावत नाही. मीटर शून्यावरून पुन्हा सुरू होतो आणि चिठ्ठी सांगते, आत ४,०९६ खोकी आहेत.

पुढे कर्नल एका गाठोड्यातली खोकी दुसऱ्यात हलवायला जातो. तिथे कुणीतरी जाणीवपूर्वक एक पहारा बसवून ठेवलेला होता. गाठोड्यात जेवढी आहेत त्याहून जास्त खोकी बाहेर काढायला सांगितली, तर काहीतरी भयंकर चुकले आहे, ताबडतोब थांब. हिशेब जुळत नाही, पहारा ओरडतो आणि पॅनिक. कॉल ट्रेसच्या टोकाला नाव दिसते ते या पहाऱ्याचे. चूक त्याची नाही, त्याने तर इमानाने काम केले. चूक आहे चिठ्ठीच्या आकारात, आणि ती कॉल ट्रेसमध्ये कुठेच छापलेली नसते. छातीत दुखते म्हणून आलेल्याचा ईसीजी व्यवस्थित निघावा आणि दुखण्याचे मूळ पित्ताशयात सापडावे, असे डॉक्टरांच्या बाबतीतही होते.

दहा वर्षे कुणाला का कळले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. ८ बाइटची खोकी भल्या माणसाला कधी लागतच नाहीत. लहान खोकी, जास्तीत जास्त भरलेले गाठोडे आणि नेमक्या क्रमाने आलेल्या निवडक पोचपावत्या, असे तीन दुर्मिळ योग एकत्र यावे लागतात. प्रत्येक औषध एकेकटे निर्धोक असते आणि तिघांच्या संगतीत एखाद्याचे यकृत जाते, ते चाचण्यांत कुठे दिसते? ते दिसते बाजारात आल्यावर, लाखोंनी घेतल्यावर.

१६ बिटांचा हा घोळ एकट्या लिनक्सचा नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर विषाणू-साथ जगभर पसरली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णालय ट्रस्टना तिची झळ बसली, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, काही ठिकाणी तातडीच्या रुग्णांना दुसरीकडे न्यावे लागले. ती शिरली विंडोजच्या कर्नलमधल्या फाईल वाटून देणाऱ्या नेटवर्क-कोडमधून. तिथे ३२ बिटांचा एक आकडा एका जागी १६ बिटांचा समजून दुरुस्त केला जात होता. अर्धा बदलायचा, अर्धा जुनाच राहायचा. यादी लहान झाली असे समजायच्या ऐवजी कर्नल ती मोठी समजायचा आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहीत जायचा. सॅकच्या दोषाने यंत्र फक्त पडत होते. इथे बाहेर लिहिलेल्या मजकुरात हल्लेखोर स्वतःचा हुकूम घुसवत होता.

या साथीतली एक गोष्ट मात्र साथरोगाच्या डॉक्टरला खास रुचेल. त्या वेळी बातम्यांत सगळा दोष विंडोज एक्सपी या म्हाताऱ्या प्रणालीवर गेला. पुढे क्रिप्टॉस लॉजिक या सुरक्षा कंपनीने प्रयोग करून पाहिले तेव्हा उलटेच दिसले. एक्सपीवर हा हल्ला बहुधा नीट बसतच नसे. कर्नल कोसळायचा, निळा पडदा यायचा आणि यंत्र बंद. संसर्ग पुढे जायचा नाही. ज्या आजारात रुग्ण लगेच दगावतो त्याची साथ फार लांब जात नाही, हे सूत्र यंत्रांनाही लागू पडले. साथ पसरवली ती धडधाकट विंडोज ७ यंत्रांनी.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच छिद्राचा वापर करणारा नॉटपेट्या आला आणि तो ठाण्यापासून खाडीपल्याड उरणच्या बाजूला न्हावा शेवा बंदरात पोहोचला. मर्स्क समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम विस्कटले. कुठला कंटेनर कुठे ठेवला आहे ते यंत्रालाच सांगता येईना. खिडकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच देऊन ठेवली होती. लस उपलब्ध होती, टोचून घ्यायची राहिली होती.

पण निदानाकडे परत येऊ. पडद्यावरच्या ओळींनी भागले नाही तर काय? डॉक्टर अशा वेळी शवविच्छेदनाकडे जातो. संगणकात अडचण ही, की मेलेल्या कर्नलला स्वतःचे प्रेत स्वतः जपून ठेवायला सांगावे लागते आणि त्याच्यावर तर भरवसा नाही. यावर तोडगा निघाला २००५च्या सुमारास, केडम्प नावाचा. यंत्र सुरू होतानाच थोडी स्मृती कुलूपबंद करून तिथे दुसरा, छोटा कर्नल निजवून ठेवायचा. पहिला कोसळला की हा उठतो, मृताची स्मृती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घेतो आणि मग यंत्र पुन्हा सुरू होते. या पद्धतीवरचा मूळ निबंध त्या वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत सादर झाला. त्याच्या तीन लेखकांत विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ ही दोन भारतीय नावे आहेत.

मेलेल्या यंत्राऐवजी जिवंत यंत्र मध्येच थांबवून, आत डोकावून पाहायचे असेल तर त्याची वाट पुण्यातून जाते. एक संगणक आजारी, दुसरा डॉक्टरचा, दोघांमध्ये एक साधी सीरियल केबल. डॉक्टरच्या यंत्रावरून हुकूम दिला की आजारी यंत्राचा कर्नल जागच्या जागी गोठतो. मग त्याच्या कोणत्या कप्प्यात काय आहे ते पाहायचे, एक पाऊल पुढे चालवायचे, पुन्हा थांबवायचे. हृदय थांबवून, रक्ताभिसरण यंत्रावर घेऊन केलेली ही शस्त्रक्रियाच. या साधनाचे नाव केजीडीबी. लिनक्ससाठी ते घडवणाऱ्यांत अमित काळे यांचे नाव ठळक आहे. ते आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट ही कंपनी यांनी २००४पासून पुढची काही वर्षे ते सांभाळले, वाढवले.

तरी लिनक्सच्या मुख्य झाडात त्याला जागा मिळाली नव्हती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना डीबगर मुळात आवडत नाहीत. असे साधन हाती दिले की माणूस विचार करायच्या ऐवजी लक्षणांवर मलम लावतो, असे त्यांचे मत त्यांनी २०००मध्येच जाहीरपणे मांडले होते. स्कॅनची सोय आल्यापासून नवे डॉक्टर पोटाला हातच लावत नाहीत, ही जुन्या प्राध्यापकांची तक्रार आठवावी. तक्रारीत तथ्य आहे, पण स्कॅन नको असे त्यातून निघत नाही. अखेर २००८मध्ये, इतरांनी आणखी साफसूफ केल्यावर, केजीडीबी मुख्य लिनक्समध्ये दाखल झाले. आज जगात कुठेही कुणी कर्नलच्या त्या फाईलचे पहिले पान उघडले, तर मालकीहक्काच्या यादीत अमित एस. काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावे दिसतात. २००६मध्ये नेटझेनच्या १० गिगाबिट नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सला दिला गेला, त्याच्याखालीही काळे यांचीच सही आहे. पुलंच्या पुणेकरांबद्दल आपल्याकडे बरेच बोलले जाते. या पुणेकरांबद्दल बहुधा कुणाला माहीतच नसते.

काही रोग पकडायला विष पेरावे लागते. कर्नलमध्ये एक नेहमीचा आजार असा, की स्मृतीचा तुकडा वापरून परत केला आणि मग विसरून कुणीतरी तोच तुकडा पुन्हा वापरला. तोवर तो दुसऱ्याला दिलेला असतो. रिकाम्या झालेल्या खाटेवरच्या जुन्या रुग्णाचे इंजेक्शन नव्या रुग्णाला द्यावे, तसे. यासाठी चाचणीच्या कर्नलमध्ये परत आलेल्या प्रत्येक तुकड्यात ‘६बी ६बी ६बी’ असा ठरावीक आकडा भरून ठेवतात. पुढे क्रॅशच्या नोंदीत कुठे ही ‘६बी’ची माळ दिसली, की जाणता माणूस बाकीचे न वाचताच मान डोलावतो. बेरियम पाजून एक्स-रे काढला की आतड्याची वाट पांढरी उमटते, तशी ही खूण.

आणि काल चालत होते, आज चालत नाही, मधे कर्नलची नवी आवृत्ती आली, एवढेच हाती असेल तर? एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते एकेक तपासायचे म्हटले तर जन्म जाईल. त्यावर उपाय घरातल्या फ्यूज शोधण्याइतका साधा आहे. मधल्या बदलापाशी यंत्र उभे करून पाहायचे. पडले तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही पडले तर दुसऱ्या. त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. १६ हजार बदल असले तरी १४ वेळा यंत्र चालू करून पाहिले की दोषी बदल हातात येतो. अट एकच, आजार हुकमी उठवता आला पाहिजे. महिन्यातून एकदा, पहाटे तीनला, कुणी बघत नसताना येणारा झटका इथेही तितकाच छळतो जितका फिट येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत छळतो. तपासायला आणले की तो ठणठणीत असतो.

सॅक पॅनिकवरचा इलाज गुगलमधील एरिक ड्युमाझे यांनी लिहिला. गाठोडे बांधताना चिठ्ठीत मावणार नाही इतकी खोकी त्यात घालायचीच नाहीत, हे त्याचे सार. मोजक्या ओळींचे काम. ज्यांना तो लगेच बसवता येत नव्हता त्यांना दोन पथ्ये सांगितली गेली. निवडक पोचपावती बंद ठेवा, नाहीतर फारच लहान खोकी मागणाऱ्याला दारातच अडवा. पहिल्या पथ्याने खराब जोडणीवर वेग घटतो, दुसऱ्याने एखादे विचित्र पण निरुपद्रवी गिऱ्हाईक परत जाते. रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस थांबवण्यासारखाच हा सौदा.

कायमच्या इलाजाला मात्र बहुधा यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, आणि खरे दुखणे तिथे आहे. चोवीस तास चालणाऱ्या ठिकाणी सर्व्हर पाच मिनिटे बंद ठेवायला सोयीची वेळ कधीच नसते. सकाळी ओपीडी, दुपारी लॅब, रात्री अपघात विभाग. मग ते ‘पुढच्या रविवारी बघू’ होते आणि रविवार येत राहतात. १९ जुलै २०२४ला क्राऊडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे नेटवर्कचा कोड दोषी नव्हता. कर्नलमधल्या तुकड्याने २० रकाने दिलेले असताना एकविसावा वाचायला पाहिला. पण यंत्र सुरू होता होताच पडत असल्याने नेटवर्कवरून दुरुस्ती पोहोचवता येईना, आणि तंत्रज्ञांना बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन एक फाईल हाताने काढावी लागली.

टेंभी नाक्यावरच्या त्या काऊंटरपाशी कुणी अभियंता बसलेला नसतो. तिथे जे करता येते ते एवढेच, की बंद करायचे बटण दाबण्याआधी मोबाइलने पडद्याचा सरळ, पूर्ण फोटो काढायचा. पहिली चूक सगळ्यात मोलाची असते, कारण नंतरच्या बऱ्याचशा तिच्याच परिणामाने होतात. पण पडदा लहान असतो आणि पहिल्या ओळी वर सरकून गेलेल्या असतात. तरीही फोटो काढावा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा असतो. यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद लोटले, तो हा आकडा. विंडोज ९५ बरोबर ४९.७ दिवसांनी लटकत असे, कारण मिलिसेकंद मोजणारा त्याचा ३२ बिटांचा मीटर तेव्हा भरून शून्यावर यायचा. मार्चमधला एक फोटो आणि मेमधला एक फोटो शेजारी ठेवले आणि कंसातले आकडे जवळजवळ सारखे निघाले, तर अभियंत्याचे अर्धे काम काऊंटरवरच्या त्या मुलीने केलेले असते.